गोळी विरघळेपर्यंत

नाटकात काम करते असं सांगितलं की लोक विंगताईच्या चेहऱ्याकडे निरखून बघत आणि मग जरा अवघडून विचारत, "कुठल्या नाटकात बरं?"

"सगळ्याच," ती सांगायची. "पण मी दिसत नाही. आणि ऐकू आले तर मला ओरडा बसतो."

ती प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या कडेला, विंगेत, काळ्या पडद्याआड, मांडीवर नाटकाची वही आणि हातात छोटा टॉर्च घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्यापर्यंत पोचवायचा. तोही असा, की पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागता कामा नये. नटमंडळींनी तिचं नाव विंगताई ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे नवऱ्यानेसुद्धा तिचं खरं नाव बँकेच्या कामापुरतंच ठेवलं.

सुरुवातीला ती फार उतावळी होती. नट श्वास घ्यायला थांबला की हिने शब्द टाकलाच म्हणून समजा. एकदा एका ज्येष्ठ नटीने तिला मध्यंतरात गाठलं.

"अगं बाई, मी विसरले नव्हते. मी थांबले होते! तिथे मला रडायचं असतं, आणि तू आपली मागून टोचतेस." मग पर्समधून लिंबाची एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "ही गालात धर. बोलावंसं वाटलं की आधी या गालातून त्या गालात ने. तेवढ्यात मी बोलले तर तू गप्प. नाही बोलले तर खुशाल टाक शब्द."

त्या गोळीने विंगताईला तिचं काम शिकवलं. थांबलेला नट वेगळा आणि विसरलेला नट वेगळा, हे तिला अंधारातूनही कळायला लागलं. थांबलेल्याची नजर आपल्या जागी असते. विसरलेल्याची नजर हळूच विंगेकडे सरकते.

मग सासूबाई विसरायला लागल्या. आधी किल्ली, मग शेगडी, मग दुपारचं जेवण झालं की नाही ते. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं. घरातल्यांनी "वय झालं" म्हटलं. विंगताईने काहीच म्हटलं नाही, कारण तिच्या लेखी घरात एक नट वाढला होता, एवढंच.

दर रविवारी धाकटी नणंद यायची. खुर्ची ओढून आईच्या अगदी समोर बसायची आणि विचारायची, "ओळख बघू मी कोण?" सासूबाईंचा चेहरा अभ्यास न केलेल्या मुलीसारखा व्हायचा. विंगताई त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करायला वाकायची आणि कानापाशी म्हणायची, "धाकटी. नवा चष्मा."

"चष्मा छान दिसतोय हो तुला, धाकटे!" सासूबाई खुलून म्हणायच्या.

नणंदेच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग ते पुसून ती विंगताईलाच सुनवायची, "आईला सगळं कळतं! तुम्हीच उगाच विसरते विसरते म्हणून गावभर सांगता." विंगताईला हसावं की उशी फेकून मारावी ते कळत नसे. पण कुणाला ऐकू गेलं नाही याचं समाधान मात्र मोठं असायचं. प्रयोग रंगला होता.

सासूबाई गेल्या. तोवर नाटकंही कमी झाली होती, आणि नव्या नटांच्या कानात शब्द सांगणारी यंत्रं बसली होती. विंगताई घराजवळच्या वृद्धाश्रमात कामाला लागली, ज्यांना काही आठवत नाही अशा लोकांच्या मजल्यावर. भरवणं, कपडे बदलणं, हात धरून फिरवणं. थोड्याच दिवसांत आश्रमाच्या मॅडमच्या लक्षात आलं की या बाईच्या पाळीत भेटीची वेळ शांततेत जाते. नातेवाईक रडत बाहेर पडत नाहीत. आजोबा नातवाला नावाने हाक मारतात. मॅडमनी एकदा दाराआड उभं राहून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी विंगताईला ऑफिसात बोलावलं.

"हे जे काय तुम्ही करता, ते बाकीच्यांना शिकवता येईल?"

"येईल. पण मला जागा हवी. आणि त्यांना कामातून तासभर सुट्टी हवी."

"तास मिळेल. जागा बघते."

जागा मिळाली ती चादरींच्या खोलीत. तीन बाजूंनी फळ्यांवर घड्या घातलेल्या चादरी, चौथ्या बाजूला इस्त्रीचं टेबल, आणि बसायला उलट्या ठेवलेल्या बादल्या. नव्याने लागलेल्या माणसांची ती पहिली तुकडी. त्यात दोघं ठळक. एक होती रेडिओ. तिचं तोंड सकाळी सुरू झालं की थेट पाळी संपल्यावरच बंद व्हायचं. मुलाचा ताप, जावेचा खडूसपणा, बसमधली मारामारी, सगळं एका दमात. माणूस प्रेमळ, हात हलका, पण समोरच्याला एक शब्द बोलू द्यायची नाही. दुसरा होता वॉचमन. आधी कुठल्याशा गोदामावर पहाऱ्याला होता. उंचापुरा, आवाज भरदार. आजोबांना "चला, उठा" म्हणायचा ते गोदामात शिरलेल्या चोराला म्हणावं तसं.

पहिल्याच दिवशी विंगताईने सगळ्यांच्या हातावर लिंबाची एकेक गोळी ठेवली.

"ताई, बक्षीस आधीच?" रेडिओ म्हणाली. "माझ्या मुलाच्या शाळेत असंच करतात, म्हणजे आधी गोळी देतात आणि मग बाई—"

"तोंडात टाक."

तिने टाकली.

"आता ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायची नाही. मी आजीबाई आहे. माझ्यासमोर बसायचं आणि मी काय म्हणते ते ऐकायचं. आणि एक आधीच सांगून ठेवते. गोळी फक्त आपल्या तोंडात. आपल्या लोकांना कधी द्यायची नाही. त्यांच्या घशात अडकेल."

ती बादलीवर बसली, खांदे पाडले, आणि तिचा चेहराच बदलला. "मला ना..." एवढं म्हणून ती थांबली. नुसतीच थांबली. चादरींच्या खोलीत इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावरची चाकाची खुर्ची ऐकू येऊ लागली. वॉचमनने पाय बदलले. रेडिओच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. शेवटी तिच्याने राहवेना. "पाणी हवंय?" गोळी तोंडातून उडून चादरीवर पडली.

"...मला ना, घरी जायचंय," विंगताई म्हणाली आणि पुन्हा स्वतःच्या चेहऱ्यावर आली. "बघ. मला घरी जायचं होतं, आणि तू मला पाणी पाजून गप्प केलं असतंस."

"पण केवढा वेळ घेतलात, ताई!"

"मला कुठे जायचंय, रेडिओ? वेळ तुला नाही. मला भरपूर आहे."

आश्रमात त्या वर्गाचं नाव गोळीची शाळा पडलं. स्वयंपाकघरातल्या बायका जाता जाता आत डोकावून विचारायच्या, "काय, आज कुठला धडा? पेपरमिंट?" विंगताई हसण्यावारी न्यायची. वर्गात तिने तीन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. 'ओळखा बघू मी कोण' हे कुणीही, अगदी सख्ख्या मुलाने विचारलं तरी मध्ये पडायचं. शब्द द्यायचा तर कडेने, कानाशी, आणि एकच. आणि माणूस थांबला असेल तर त्याला थांबू द्यायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती. रेडिओच्या गोळ्या सर्वांत जास्त वाया जात.

हे सगळं बरं चाललं होतं, पण मास्तरांचं काही केल्या जमत नव्हतं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. आयुष्यभर लोकांचे सूट शिवले. आता कोपऱ्यातल्या खोलीत असत. दिवसभर गरीब गाय. आंघोळीची वेळ आली की मात्र वाघ. बादली दिसली की ओरडायचे, चावायचे, पाण्याचा मग भिरकावायचे. वॉचमनचा ओठ त्यांनी फोडला, रेडिओच्या मनगटावर नखं उमटवली. आंघोळीशिवाय दिवस जात, मग तिघं मिळून त्यांना धरून घालत, आणि त्यानंतर मास्तर संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

रोज दुपारी त्यांची बायको यायची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. गल्लीच्या टोकाला तिचं घर. गुडघे गेलेले, तरी कुंपण धरत, भिंत धरत यायची. मास्तरांना कधी मुलाचं नाव आठवायचं नाही, कधी स्वतःचं, पण बायकोचं पाऊल जिन्यावर वाजलं की ते म्हणायचे, "आलीस? किती उशीर." मग ती त्यांची नखं कापायची आणि ते तिला आज कापड महाग झाल्याचं सांगायचे. तिला शब्द पुरवायला कुणाची गरज नव्हती.

एका सकाळी मॅडमनी विंगताईला बोलावलं. "मास्तरांच्या मुलाशी बोलले. महिनाअखेरीला त्यांना शहराबाहेरच्या दवाखान्यात हलवायचं. तिथे दणकट माणसं आहेत, औषधं देऊन शांत ठेवतात."

"तिथे मास्तरीणबाई कशा जाणार? बस बदलत जावं लागतं. त्यांना धड जिना चढवत नाही."

"मला कळत नाही का ते?" मॅडम तडकल्या. "पण माझी माणसं मार खायला ठेवलेली नाहीत, ताई. आणि त्यांना असं धरून आंघोळ घालायची, हेही मला बघवत नाही. महिनाअखेरपर्यंत तुमच्या शाळेला काही जमलं तर सांगा."

त्या दुपारी मास्तरीणबाई आल्या त्या थेट विंगताईकडेच. मुलाने फोनवर सांगितलं होतं. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मी नाही आले तर ते दिवसभर जिन्याकडे कान लावून बसतील हो."

विंगताईने कधी कुणाला शब्द दिला नव्हता, म्हणजे तसला शब्द. त्या दिवशी दिला. "ते कुठे जात नाहीत," ती म्हणाली.

वर्गात डोकी एकत्र आली. वॉचमनला एकदम सुचलं. "टेलर आहेत ना? त्यांना कात्री द्या! म्हणजे बोथट. आणि टेप. हातात त्यांचं सामान आलं की खूश होतील. खुशीत असताना उचलायचं आणि न्यायचं."

कल्पना सगळ्यांना आवडली. कुणी टेप आणला, कुणी खडू, कुणी कापडाचा तुकडा. मास्तरांनी सगळं सामान टेबलावर नीट मांडलेलं बघितलं. मग वॉचमनकडे बघितलं.

"हे कशाला?"

"तुमचं काम, मास्तर! करा ना."

"आयुष्यभर तेच केलं की रे," मास्तर वैतागून म्हणाले. "आता तरी बसू द्या." आणि टेप उचलून खिडकीबाहेर टाकला.

वर्गात हे ऐकून रेडिओ हसता हसता बादलीवरून पडली. पण हसून काय होणार होतं? महिना सरकत होता.

मग विंगताईने स्वतःच पदर खोचला. तिच्या मनात, अगदी आत, थोडी ऐट होतीच. इतक्या नटांना तिने तारलं, एका मास्तरांचं काय! सकाळी ती त्यांच्या पलंगाशी बसली. न्हाणीघराचं दार उघडं होतं. तिथे वॉचमन टॉवेल घेऊन, रेडिओ कपडे घेऊन, आणि आणखी एक मुलगी ताईचा प्रयोग बघायला उभी होती. वॉचमनने पुढे येऊन शर्टाच्या बटणाला हात लावताच मास्तर ताठ झाले. "मला..." ते म्हणाले. "मला..." त्यांची नजर भिरभिरत बाजूला सरकली. विंगताईने ती नजर ओळखली. विंगेकडे बघतोय हा. अडलाय.

"गार लागतं?" तिने हळूच शब्द दिला.

"नाही! मला—"

"बायको हवी?"

पलंगाशेजारचा मग येऊन तिच्या कपाळावर बसला. प्लॅस्टिकचाच होता, पण टेंगूळ आलं. इतक्या वर्षांत एकाही नटाने तिला काही फेकून मारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी तिने पानं वाढली. नवरा टेंगळाकडे बघत म्हणाला, "मला वाटतं—"

"मीठ कमी आहे का? घ्या वरून."

"मीठ नाही, मला—"

"मग पाणी देऊ?"

नवऱ्याने चमचा ताटात ठेवला. "मला वाटतं, तू त्या माणसाचं ऐकूनच घेतलं नाहीस, असं मी म्हणणार होतो. लग्न झाल्यापासून मी एक वाक्य पुरं केलेलं नाही, बाई. माझी तक्रार नाही. मला सवय झालीय. त्यांना नसेल."

नाटकात तिच्या मांडीवर वही असायची. पुढचं वाक्य काय, ते तिला नटापेक्षा आधी माहीत असायचं. सासूबाईंच्या वेळी नणंद समोर बसलेली असायची, शब्द ठरलेलाच होता. मास्तरांच्या वाक्याची वही कुणाजवळ होती? ती नुसत्या अंदाजाने शब्द फेकत सुटली होती, तेही तिघांच्या देखत.

"अजून काही म्हणायचंय?" तिने नवऱ्याला विचारलं आणि खरंच वाट बघितली.

"आता मीठ दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने सरळ सांगून टाकलं, "काल मी चुकले. शब्द आपल्याला माहीत नसेल तर द्यायचाच नाही. आता मास्तरांजवळ नुसतं बसायचं. बादली नाही, टॉवेल नाही, आंघोळीचा विषयच काढायचा नाही. रेडिओ, तू बसशील."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रेडिओ स्वतःच दचकली. "मी? ताई, मला शिक्षा करताय की त्यांना?"

"त्यांना तुझा आवाज आवडतो. तू खोलीत आलीस की ते हसतात, मी बघितलंय. फक्त ते बोलायला लागले की गोळी."

रेडिओ रोज बसू लागली. पहिल्या दिवशी तिने मास्तरांना जावेची अख्खी कहाणी ऐकवली आणि मास्तरांनी मान डोलावली. पण मास्तर तोंड उघडतायत असं दिसलं की ती पटकन गोळी गालात टाकायची. काही दिवस "मला..." च्या पुढे गाडी सरकेना. बाहेर आली की ती डोकं धरून बसायची. "ताई, माझ्या छातीत दुखतं हो गप्प बसून. शब्द आतल्या आत साचतात."

आणि मग एका सकाळी मास्तर म्हणाले, "मला..." आणि थांबले. रेडिओने गोळी टाकली. त्यांची नजर सरकली. रेडिओने तिचा माग काढला. ती नजर रेडिओकडे येत नव्हती. मदत मागत नव्हती. ती दाराकडे जात होती. उघड्या दाराकडे, जिथून व्हरांड्यातली येणारी-जाणारी सगळी माणसं दिसत. गोळी निम्मी झाली. पातळ झाली. मास्तरांचे ओठ हलले.

"मला लाज वाटते."

आणि थोड्या वेळाने, "सगळे बघतात."

रेडिओच्या जिभेवर निदान शंभर वाक्यं आली असतील. तिने एकही बाहेर येऊ दिलं नाही. ती उठली, जाऊन दार लावलं आणि परत येऊन बसली. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि पाय पलंगावर घेतले.

ती चादरींच्या खोलीत धावत आली तेव्हा मात्र बांध फुटला. "ताई, लाज! लाज वाटते म्हणाले! आपण तिघं तिघं त्यांना, दार उघडं टाकून, अहो माझ्या वडिलांच्या वयाचे ते, आणि मी हातात त्यांची विजार घेऊन उभी असते, आणि आपल्याला वाटतं पाणी गार आहे म्हणून ओरडतात!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

विंगताईने तिला रडू दिलं. मग वॉचमनला म्हणाली, "चल, तू बस खुर्चीवर. रेडिओ, डोळे पूस आणि याच्या शर्टाची बटणं काढ."

"काय?" वॉचमन म्हणाला.

"काढ गं. रोज आपण काढतो तशी. चल, उठा, आटपा म्हणत."

रेडिओचा हात गळ्याशी पोचला तोच वॉचमनने दोन्ही मुठींनी कॉलर धरली. त्याचे कान लालबुंद झाले. "ए, थांब ना! सगळ्यांसमोर काय!"

कुणी हसलं नाही. वॉचमनच्या मुठी सुटायला वेळ लागला. "मी रोज हेच करत होतो त्यांना," तो शेवटी म्हणाला. "एवढा धट्टाकट्टा मी, आणि माझी ही गत."

त्यानंतर त्या खोलीत जे काम झालं त्याला खरी शाळा म्हणावं. पडल्यास कळावं म्हणून न्हाणीघराचं दार उघडं ठेवायचा नियम होता. विंगताईने मॅडमकडून मागून घेतलं की दार लावायचं आणि एक माणूस बाहेर दाराला कान लावून उभा राहील. आत एकच जण, तोही पुरुष. पाणी, साबण, टॉवेल, कोरडे कपडे आधीच मांडून ठेवायचे, म्हणजे कुणाला हाक मारायला नको. कपडे एकदम उतरवायचे नाहीत. त्यासाठी वॉचमनच्या बायकोने जुन्या चादरीचा एक सैल झगा शिवला. खांद्यावर नाड्या, अंग पूर्ण झाकलेलं. झग्याच्या आतून शर्ट काढायचा, झग्यावरूनच पाणी ओतायचं, आतून साबण लावायचा. सगळ्यांनी आळीपाळीने तो झगा घालून एकमेकांचे हात, पाय, पाठ धुतली, आणि फरशीवर इतकं पाणी झालं की स्वयंपाकघरातल्या बायका पोछा घेऊन धावत आल्या.

महिनाअखेर अगदी तोंडावर आली. मास्तरांच्या मुलाने गाडी ठरवली होती. त्या दिवशी सगळी तयारी होईतो दुपार झाली, मग वॉचमन आत गेला आणि दार लावलं. पूर्वीचा तो "चला, उठा" म्हणणारा आवाज घरीच ठेवून आला होता.

बाहेर विंगताई दाराला कान लावून उभी. तिच्यामागे भिंतीला टेकून अख्खी तुकडी, प्रत्येकाच्या एका गालाला फुगवटा. तेवढ्यात मॅडम व्हरांड्यातून आल्या.

"हे काय? सगळ्यांचे दात दुखतायत?"

विंगताईने ओठांवर बोट ठेवलं. आतून वॉचमनचा आवाज आला, हळू. "मास्तर, हे अंगावर घ्यायचं. सगळं झाकतं."

शांतता. मग मास्तर. "ही शिलाई कुणाची?"

"माझ्या बायकोची."

"टाका सैल आहे. सांग तिला." जरा वेळ काहीच नाही. "दार?"

"लावलंय."

परत काही नाही. मग कापडाची सळसळ. मग तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज, आणि मास्तरांचा चढलेला स्वर. "मला...! मला...!"

भिंतीला टेकलेले सगळे दाराकडे सरकले. मॅडमचा हात दाराच्या कडीकडे गेला, तोंड उघडलं. विंगताईने त्यांचा हात धरला आणि तळहातावर लिंबाची गोळी ठेवली. मॅडमनी गोळीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि कधी कुणाचं न ऐकणाऱ्या त्या बाईने मुकाट्याने गोळी तोंडात टाकली.

आत वॉचमन एक शब्द बोलत नव्हता. त्याच्याही गालात गोळी होती.

"...मला दे इकडे तो साबण!" मास्तर गरजले. "तुला घासता येत नाही. पाठ तेवढी घास. अरे, जोरात! हाताला ताकद नाही का? एवढा मोठा ऐदी!"

मग पाणी. भरपूर पाणी, आणि त्यात मास्तरांचं "हां, आता कसं," आणि वॉचमनचं खोखो हसणं. व्हरांड्यात रेडिओने विंगताईला मिठी मारली आणि तिला जागच्या जागी गरगर फिरवलं. गप्प बसलेली सगळी तुकडी एकदम बोलायला लागली. स्वयंपाकघरातून बायका धावत आल्या, काय झालं, कोण पडलं. कुणी पडलं नव्हतं. मॅडम कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलत होत्या. गालातल्या गोळीमुळे त्यांचं बोलणं बोबडं झालं होतं, पण सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. "नाही, गाडी नको. तुमचे वडील इथेच राहतील. हो, कायमचे. कारण? अहो, कारण ते आंघोळ करतायत!" फोन ठेवून त्या वळल्या. "ताई, खालच्या मजल्यावरची माणसं कधीपासून घेताय शाळेत? आणि त्या बादल्यांवर नका बसू. खुर्च्या पाठवते."

न्हाणीघराची फरशी अजून ओलीच होती तोच जिन्यावर पाऊल वाजलं. भिंत धरत, एकेक पायरी. मास्तरीणबाईंना खालीच कुणीतरी सांगितलं असावं, कारण आज त्या नेहमीपेक्षा भराभर चढत होत्या.

"आलीस? किती उशीर," मास्तर म्हणाले. विंचरलेले केस, परीटघडीचा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. मास्तरीणबाई त्यांच्याजवळ बसल्या, त्यांच्या खांद्याशी नाक नेलं आणि डोळे मिटले. साबणाचा वास येत होता.

"कुणी घातली हो आंघोळ?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना राग आला. "घातली म्हणजे? मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी केली."

दारात वॉचमन उभा होता. डोक्यापासून बुटांपर्यंत ओला, केस कपाळाला चिकटलेले, बाहीवर साबणाचा फेस. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"हो, आजी," वॉचमन म्हणाला. "त्यांनीच केली."

विंगताई व्हरांड्यात होती. तिला ते ऐकू आलं आणि ती हसली. इतक्या मोठ्याने, की पार टोकाच्या खोलीतल्या आजींनी विचारलं, "कोण गं ते एवढं हसतंय?"